इतिहासाचे पदवी-अध्ययन

इतिहासाचे पदवी-अध्ययन : महाविद्यालयात पहिल्या पदवीसाठी इतिहास हा प्रमुख किंवा वैकल्पिक विषय घेऊन केला जाणारा अभ्यास. शालेय इतिहासात प्रामुख्याने घटनांचा परिचय करून दिला जातो, तर पदव्युत्तर टप्प्यावर मूळ साधनांच्या आधारे संशोधन अपेक्षित असते. पदवीचा टप्पा या दोहोंच्या मधला आहे. इतिहास घेऊन पदवीधर होणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा या विषयाशी असलेला औपचारिक संबंध पदवीबरोबरच संपतो. त्यामुळे भूतकाळाविषयी केलेले विधान कशाच्या आधारावर उभे असते, हे समजून घेण्याची संधी त्यांना बहुधा याच टप्प्यावर मिळते.

या अध्ययनाची दोन उद्दिष्टे सामान्यतः मानली जातात. एखाद्या कालखंडाचे व प्रदेशाचे सुसंगत ज्ञान मिळविणे, हे पहिले आणि ते ज्ञान ज्या पुराव्यांवरून सिद्ध होते त्या पुराव्यांची पारख करता येणे, हे दुसरे. पहिले उद्दिष्ट पाठ्यपुस्तकाच्या वाचनाने काही अंशी साध्य होते. दुसऱ्यासाठी मात्र प्रत्यक्ष साधने हाताळावी लागतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच इतिहासाच्या पदवी-शिक्षणातील मुख्य प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी : यूरोपीय विद्यापीठांत इतिहास हा दीर्घकाळ स्वतंत्र विषय नव्हता. ग्रीक व लॅटिन वाङ्मय, धर्मशास्त्र आणि कायदा यांच्या अनुषंगाने तो शिकविला जाई. ऑक्सफर्ड येथे १६२२ मध्ये प्राचीन इतिहासाचे कॅमडेन अध्यासन स्थापन झाले. १७२४ मध्ये पहिल्या जॉर्ज राजाने ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत आधुनिक इतिहासाची प्राध्यापकपदे निर्माण केली. तथापि केवळ इतिहासात परीक्षा देऊन पदवी मिळविण्याची सोय त्यानंतर दीड शतकाने झाली. ऑक्सफर्डमध्ये १८५० साली कायदा व आधुनिक इतिहास यांची संयुक्त शाखा सुरू झाली आणि १८७२ मध्ये इतिहासाची शाखा वेगळी करण्यात आली. केंब्रिजमध्ये इतिहासाची स्वतंत्र परीक्षा १८७३ मध्ये स्थापन झाली.

अध्यापनाच्या पद्धतीत मूलगामी बदल घडला तो जर्मनीत. लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) हा १८२५ मध्ये बर्लिन विद्यापीठात आला. काही निवडक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एखाद्या मध्ययुगीन बखरीची किंवा सनदेची त्यांच्याकडून चिकित्सा करून घेण्याचा प्रघात त्याने पाडला. लेखक कोण होता, त्याने काय प्रत्यक्ष पाहिले व काय ऐकले, त्याने कोणाचा मजकूर उचलला, असे प्रश्न तेथे विचारले जात. हीच पद्धती पुढे सेमिनार या नावाने जगभर पसरली. इंग्लंडमध्ये विल्यम स्टब्स (१८२५–१९०१) याने १८७० मध्ये इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासातील निवडक सनदांचा संग्रह प्रसिद्ध केला. परीक्षेत मूळ साधनांवर प्रश्न विचारता यावेत, हे अशा संग्रहांमुळे शक्य झाले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे याच्या जोडीला व्यक्तिगत मार्गदर्शनाची परंपरा होती. विद्यार्थ्याने ठराविक मुदतीत नेमलेल्या ग्रंथांच्या आधारे निबंध लिहावा, तो मार्गदर्शकाला वाचून दाखवावा आणि त्यातील प्रत्येक विधानाचे समर्थन करावे, असे तिचे स्वरूप होते.

भारतातील प्रारंभ : कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. त्यांच्यापुढे आदर्श होता तो लंडन विद्यापीठाचा. हे विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. साहजिकच भारतातही शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे आणि परीक्षा घेण्याचे काम विद्यापीठाकडे अशी विभागणी झाली. शिकविणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा व उत्तरे तपासणारा तिसरा, या रचनेत सर्वांना समान असे एकच प्रमाण उरले, ते म्हणजे नेमलेले पुस्तक. त्यामुळे त्यापलीकडे जाणारा अध्यापक परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्याचा वेळ वाया घालवितो, अशी समजूत रूढ झाली. भारतातील पदवी-शिक्षणाचे पुढील अनेक गुणदोष या प्रारंभीच्या रचनेतून उद्भवले आहेत.

अव्वल इंग्रजी अमदानीत अभ्यासक्रमावर इंग्लंडच्या इतिहासाचा पगडा होता. भारताचा इतिहास मुख्यतः इंग्रज प्रशासकांनी लिहिलेल्या ग्रंथांतून शिकला जाई. जेम्स मिल, मौंट स्टूअर्ट एल्फिन्स्टन व जेम्स ग्रांट डफ हे त्यांतील प्रमुख ग्रंथकार होत. १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेला ग्रांट डफचा ग्रंथ हा मराठ्यांच्या इतिहासाचा प्रमाण आधार मानला जाई. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने त्याचे मराठी भाषांतरही प्रचारात होते.

महाराष्ट्रातील परंपरा : या प्रमाणग्रंथाला महत्त्वाचे आव्हान मिळाले ते एका विद्यार्थ्याकडून. महाविद्यालयात शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास ग्रांट डफच्या बखरीवर टीका करणारा निबंध पुण्यातील तरुणांच्या सभेपुढे वाचला व नंतर तो प्रसिद्ध केला. ग्रांट डफने कोणती साधने वापरली, कोणती वापरली नाहीत आणि एतद्देशीय कागदपत्रांचा त्याने लावलेला अर्थ कितपत ग्राह्य आहे, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. मराठ्यांच्या इतिहासाच्या चिकित्सक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानला जातो. पाठ्यपुस्तकाला त्याच्या आधारांविषयी प्रश्न विचारणे हे पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही, हेही यावरून दिसून येते.

तथापि यातून निर्माण झालेली संशोधनाची चळवळ महाविद्यालयांच्या भिंतीबाहेरच वाढली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू करून बखरी व पत्रे छापण्यास प्रारंभ केला. मिरजेस संस्कृतचे अध्यापन करणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन दप्तरातील कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने प्रकाशात आणले. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) हे पदवीधर असले, तरी त्यांनी महाविद्यालयीन अध्यापनाचा मार्ग पत्करला नाही. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरे मिळविली व ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड १८९८ पासून प्रसिद्ध केले. त्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) हे बडोदे संस्थानच्या सेवेत होते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी निवृत्तीनंतर संपादिले.

यामुळे महाराष्ट्रात एक विसंगती निर्माण झाली. संशोधक शनिवारवाड्याच्या परिसरात एकेका तारखेवर वाद घालीत असताना जवळच्याच महाविद्यालयातील विद्यार्थी ट्यूडर राजांच्या वंशावळी पाठ करीत होता. मंडळात वाचल्या जाणाऱ्या निबंधांचा व विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. संशोधनाला त्यामुळे विद्यापीठीय शिस्तीचा व नियमित शिष्यवर्गाचा लाभ झाला नाही आणि अध्यापनाला साधनांचा जिवंत स्पर्श झाला नाही.

ही दरी सांधण्याचे काही उल्लेखनीय प्रयत्न झाले. मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात १९२२ मध्ये आलेले स्पॅनिश जेझुइट इतिहासकार फादर हेन्री हेरास (१८८८–१९५५) यांनी १९२६ मध्ये तेथेच भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था स्थापन केली. ग्रंथ, नाणी व मूर्ती यांचा संग्रह महाविद्यालयाच्या आवारातच उपलब्ध झाल्याने अध्यापन व संशोधन यांना एक छत्र लाभले. पुण्याचे डेक्कन महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर (१८९५–१९६३) यांची तेथे नेमणूक झाली. अखिल भारतीय स्वरूपाच्या इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यासच भरले. तिचेच पुढे भारतीय इतिहास परिषद असे नामांतर झाले. तथापि या घडामोडींचा लाभ मुख्यतः पदव्युत्तर अभ्यासाला झाला. पदवीच्या वर्गापर्यंत तो झिरपला तो फारच थोडा.

विद्यापीठांचा विस्तार व माध्यम : नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) या विद्यापीठांच्या स्थापनेनंतर उच्च शिक्षण जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी पोहोचले. पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर व गडचिरोली येथेही विद्यापीठे स्थापन झाली. गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ मध्ये झाली. कला शाखेत मराठी माध्यम रूढ झाल्याने घराण्यातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे असंख्य विद्यार्थी इतिहासाकडे वळले. हा बदल केवळ संख्येचा नव्हता. शेतकरी, बलुतेदार, दलित व आदिवासी समाजांतील विद्यार्थी वर्गात आल्याने इतिहास कोणाचा व कोणी लिहिलेला, हा प्रश्न तात्त्विक न राहता प्रत्यक्षात उभा राहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी १९५६ मधील आपल्या ग्रंथात नाणी, वाड्यापाड्यांतील दैवते व उत्पादनाची साधने यांच्या आधारे भारतीय इतिहासाची मांडणी करून राजवंशांपलीकडे पाहण्याची दिशा दाखविली होती. अभ्यासक्रमांतही हळूहळू सामाजिक व आर्थिक इतिहास, स्त्रियांचा इतिहास, शेतकरी व कामगार चळवळी यांना स्थान मिळाले.

माध्यमबदलाबरोबर एक अडचणही आली. इंग्रजीतील संशोधनग्रंथ विद्यार्थ्याला दुर्बोध झाले व त्यांची मराठी भाषांतरे अपुरी पडली. विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीच्या शासकीय योजनेतून काही प्रमाण ग्रंथ तयार झाले, परंतु ही पोकळी मुख्यतः प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शक पुस्तिकांनी भरून काढली. ज्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाची सर्वाधिक गरज होती, त्याच्याच हाती सर्वांत सामान्य प्रतीचे पुस्तक पडले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : १०+२+३ या आकृतिबंधात पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या सन्मान पदवीचीही तरतूद केली असून संशोधनप्रकल्पाला तीत स्थान दिले आहे. पहिल्या वर्षी इतर विषयांबरोबर इतिहासाचा एखादा अभ्यासघटक असतो व वरच्या वर्गांत त्याचे प्रमाण वाढत जाते. प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक महाराष्ट्र, आधुनिक जग आणि आशियातील एखादा प्रदेश हे नेहमीचे विषय होत. इतिहासाचे तत्त्वज्ञान व लेखनपद्धती यांवरील घटक बहुधा अखेरच्या टप्प्यात येतो. साधनांचे प्रकार, बहिरंग व अंतरंग परीक्षण आणि इतिहासकारांचे संप्रदाय यांचा त्यात समावेश असतो. ज्या पद्धतीने आधीचे सर्व घटक अभ्यासावयाचे, ती पद्धती सर्वांत शेवटी व तीही स्मरणाचा विषय म्हणून शिकविली जावी, हे या रचनेतील वैगुण्य होय.

साधनचिकित्सेचे उदाहरण : पुराव्याची पारख वर्गात कशी शिकविता येते, याचे उत्तम उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात सापडते. उत्तरकालीन बखरींवरून जन्म वैशाख शके १५४९ (इ. स. १६२७) मध्ये झाला, असे मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी आढळली. येथे विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांच्या प्रकाराचा. बखर ही घटनेनंतर दीर्घ काळाने, गौरवाच्या हेतूने रचलेली कथा असते, तर शकावली ही तिथिवार केलेली कोरडी नोंद असते. परंतु कोरडी नोंदही चुकू शकते. म्हणून दुसरा प्रश्न येतो तो स्वतंत्र पुष्टीचा. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हीच तिथी मिळाली आणि राजस्थानातील एका जुन्या कुंडलीसंग्रहानेही तिला दुजोरा दिला. ही साधने एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी सापडली व त्यांचे प्रकारही भिन्न आहेत. त्यांच्या एकवाक्यतेचे वजन म्हणूनच अधिक आहे.

तिसरा प्रश्न कालगणनेचा. या तिथीची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी दिली जाते. ही तारीख जूलियन पंचांगाची असून ग्रेगरियन पंचांगाप्रमाणे त्या दिवशी १ मार्च १६३० ही तारीख येते. इंग्रजांनी ग्रेगरियन पंचांग १७५२ मध्ये स्वीकारले, तर पोर्तुगीजांनी ते १५८२ पासूनच वापरले. त्यामुळे सुरतेच्या इंग्रज वखारीतील व गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातील सतराव्या शतकातील पत्रे जुळविताना दहा दिवसांचा फरक ध्यानी घ्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली असली, तरी काही मंडळी तिथीप्रमाणे जयंती साजरी करतात. ही तारीख केवळ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला एक गुण मिळतो. तिच्यामागील वाद ज्याने समजून घेतला, त्याला मात्र इतर कोणत्याही तारखेकडे कसे पाहावे हे कळते.

लिपी व भाषा : मराठ्यांच्या इतिहासाची बहुतांश कागदपत्रे मोडी लिपीत आहेत. पुण्याचे पेशवे दप्तर, मुंबई व कोल्हापूर येथील अभिलेखागारे व तंजावरचा सरस्वती महाल यांतील मोडी कागदांचा फार मोठा भाग अद्याप अप्रकाशित आहे. शालेय शिक्षणातून मोडी वगळली गेल्यानंतर ही लिपी वाचू शकणाऱ्यांची संख्या घटत गेली. अभिलेखागारे, विद्यापीठे व संशोधनसंस्था तिचे अल्पमुदतीचे वर्ग चालवितात. या लिपीचा पायाभूत परिचय पदवीच्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांत होऊ शकतो. कागद सफाईने वाचण्यासाठी मात्र दीर्घ सराव व तत्कालीन परिभाषेचे ज्ञान लागते. मोडी कागदांत फार्सी शब्द, हिजरी सन, फसली व सुहूर सन यांचा सर्रास वापर आढळतो. त्यामुळे लिपीबरोबर कालगणनेचीही ओळख करून द्यावी लागते.

अध्यापन व परीक्षा : व्याख्यान हीच अध्यापनाची प्रचलित पद्धती आहे. मोठ्या वर्गात ती अपरिहार्य असली, तरी तिच्या जोडीला लहान गटांतील वाचन आवश्यक असते. त्यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. एकाच घटनेविषयीचे दोन परस्परविरोधी उतारे विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांतील भेदाची कारणे लिहावयास लावणे, हा सर्वांत साधा व परिणामकारक उपक्रम होय. स्थानिक इतिहास हे दुसरे उपयुक्त क्षेत्र आहे. गावातील शिलालेख, वीरगळ, जुनी इनामपत्रे, शाळेची दाखलनोंदवही, सहकारी सोसायटीची इतिवृत्ते आणि १९७२ च्या दुष्काळासारख्या घटनांच्या वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी ही साधने खेड्यातील विद्यार्थ्याला शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक सुलभ असतात. आठवणींची कागदांशी तुलना केली, म्हणजे स्मृती कोठे विश्वसनीय असते व कोठे घटना एकमेकींत मिसळते, हेही ध्यानात येते.

परीक्षापद्धतीने या उपक्रमांना फारसे उत्तेजन दिलेले नाही. ‘कारणे सांगा’ या प्रश्नाला ठरलेली पाच कारणे लिहिली, की गुण मिळतात. त्या कारणांतील प्रधान कोणते व गौण कोणते, याची विचारणा क्वचितच होते. सत्रपद्धती व अंतर्गत मूल्यमापन आल्यानंतर प्रकल्पलेखनास वाव मिळाला. परंतु तयार मजकूर उतरवून काढण्याची प्रवृत्तीही त्याबरोबर वाढली. अप्रकाशित कागदांच्या व दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती आता घरबसल्या पाहता येतात. त्याच मार्गाने निराधार मजकूर आणि यंत्रनिर्मित लेखनही विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. माहितीच्या टंचाईची जागा अशा प्रकारे तिच्या अतिरेकाने घेतल्यामुळे साधनचिकित्सेचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

महत्त्व : इतिहासाची पदवी अध्यापन, प्रशासन, पत्रकारिता, अभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, पुरातत्त्व व पर्यटन या क्षेत्रांत उपयोगी पडते. स्पर्धापरीक्षांत इतिहासाचा समावेश असल्यानेही अनेक विद्यार्थी हा विषय निवडतात. दुसरीकडे, अन्यत्र प्रवेश न मिळाल्यामुळे घ्यावयाचा विषय, अशी त्याची प्रतिमा झाली आहे. तिच्यामुळे विद्यार्थ्याचा आत्मविश्वास व विषयाचा दर्जा या दोहोंची हानी होते.

व्यावसायिक उपयोगापेक्षा या अध्ययनाचे सामाजिक प्रयोजन अधिक मोलाचे आहे. महाराष्ट्रात इतिहास हा सार्वजनिक भावनेचा विषय असून पुतळे, नामांतरे, चित्रपट व ग्रंथ यांवरून वारंवार वाद उद्भवतात. जानेवारी २००४ मध्ये एका ग्रंथावरील वादातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. मतभेदाचे निराकरण ज्या साधनांनी होऊ शकते, तीच त्या वेळी नष्ट होऊ लागली होती. अशा समाजात एखाद्या विधानाला आधार कोणता, तो समकालीन आहे काय, त्याला स्वतंत्र दुजोरा मिळतो काय आणि नवा पुरावा आल्यास मत बदलावे लागेल काय, असे प्रश्न शांतपणे विचारू शकणाऱ्या नागरिकांची आवश्यकता असते. प्रत्येक पदवीधर संशोधक होणार नाही व तशी अपेक्षाही नाही. मात्र पदवीच्या काळात एखादा तरी मूळ कागद वाचून त्यावरून निघू शकणारा व न निघू शकणारा निष्कर्ष वेगळा करण्याचा अनुभव प्रत्येकाला मिळावा, ही अपेक्षा वाजवी असून उपलब्ध साधनसामग्रीत ती पूर्ण होण्यासारखी आहे.